हॉकड्यांचं डुक्कर

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं शहाणी माणसं सांगून गेली. ती शहाणी माणसं आयोवातल्या कॅल्डर काउंटीत कधी आलीच नसावीत. इथे कूळ शोधायला रीतसर मंडळ आहे, मंडळाला घटना आहे, घटनेला एकोणीस पोटनियम आहेत, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी दोन वाजता वाचनालयाच्या तळघरात त्याची सभा भरते. सभेला तेवीसएक माणसं येतात. त्यातली एकवीस स्वतःच्या पूर्वजांबद्दल बोलायला येतात आणि दोन जेवायला. दुसऱ्याच्या पूर्वजांबद्दल ऐकायला आजवर कुणी आल्याची नोंद नाही.

मंडळाचा अध्यक्ष वेंडेल ब्रांट हा गुरांचा निवृत्त डॉक्टर. बिथरलेल्या गाईला चुचकारावं तसं तो सभेला चुचकारी, त्यापलीकडे त्याचा कुणाला उपद्रव नव्हता. खरी सत्ता होती पुरावा समितीच्या प्रमुख मार्डेल लुंडीन हिच्या हातात. वय चौऱ्याहत्तर, पाठ ताठ, पांढरे केस दर शुक्रवारी बसवून घेतलेले. लुंडीन हे नाव नवऱ्याचं, आणि ते तिनं पन्नास वर्षं पाहुण्याच्या कोटासारखं वापरलं. माहेरची ती पडिफूट. इंग्लंडातल्या लिंकनशरचे पडिफूट. कुणी नुसतं "कशी आहेस" विचारलं तरी तिसऱ्या वाक्याला लिंकनशर येत असे.

मंडळाचं सगळ्यात मोठं भूषण म्हणजे 'आद्य घराणं' हे पदक. निळी फीत, पितळेची चकती, चकतीवर नांगर. ३१ डिसेंबर १८५० ला दिवस संपायच्या आत ज्याच्या पूर्वजाचं पाऊल या काउंटीच्या चिखलात पडलं, तो आद्य. जो १ जानेवारीला न्याहारीच्या वेळी पोचला, तो उपरा. मधे काही नाही. आणि पाऊल पडलं हे सिद्ध कसं करायचं, याचा नियम मार्डेलनं स्वतः लिहिला होता: कागद त्या काळचा हवा, पुरा हवा, आणि खोटं बोलण्यात ज्याचा फायदा नाही अशा माणसानं लिहिलेला हवा. ज्यांचा कागद या चाळणीतून खाली पडे, त्यांच्या अर्जावर ती लाल शिक्का मारी, 'पुरावा अपुरा'. दुसरा एक हिरवा शिक्काही होता, 'पुरावा पुरेसा'. त्याची शाई सुकून गेली होती.

लाल शिक्का सगळ्यात जास्त वेळा खाल्ला आर्डिथ हॉकडेनं. आर्डिथ ही मार्डेलची शाळेपासूनची मैत्रीण. मैत्रीण म्हणजे, दोघी एकमेकींच्या लग्नाला गेल्या होत्या आणि एकमेकींच्या पडद्यांना नावं ठेवत होत्या. हॉकड्यांची शेती नदीकाठी, पिढ्यान् पिढ्या डुकरं पाळणारं घर. त्यांचा मूळपुरुष ओबेद हॉकडे १८५० च्या उन्हाळ्यात आला, असं घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगे. पण जनगणना त्या वर्षी जूनमध्ये झाली आणि तीत ओबेद नव्हता. जमिनीचं खरेदीखत मार्च १८५१ चं. मधले आठ महिने ओबेद हवेत तरंगत होता.

आर्डिथनं पहिल्यांदा आणलं थडगं, म्हणजे थडग्याचा फोटो. मार्डेल म्हणाली, दगड मेल्यावर बसवतात, आल्यावर नव्हे. लाल शिक्का. सहा वर्षांनी तिनं आणलं आजीचं पत्र. आजी तेव्हा जन्मली होती का, असं मार्डेलनं विचारलं. लाल शिक्का. तिसऱ्यांदा आर्डिथनं घरचं बायबल आणलं, दुलईत गुंडाळून, बाळासारखं. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर घराण्याचे जन्म, लग्नं, मरणं सुबक अक्षरात लिहिलेली होती. मार्डेलनं सुती पांढरे हातमोजे चढवले, पान उलटलं, आणि छपाईचं साल दाखवलं: १८६८. "सगळं एका बैठकीत, एका टाकानं, आठवणीवर लिहिलंय. हा पुरावा नव्हे आर्डिथ, ही गोष्ट आहे." लाल शिक्का. आर्डिथनं बायबल पुन्हा दुलईत गुंडाळलं. त्यानंतरही ती दर सभेला येत राहिली, पदकाविना, मागच्या रांगेत. येताना हॅम बॉल आणी, म्हणजे डुकराच्या मांसाचे आंबटगोड रसातले गोळे. सगळे बोटं चाटत. मार्डेल घेत नसे. फार गोड असतात, म्हणे.

मार्डेलला स्वतःचं पदक वडिलांकडून मिळालं होतं, १९८४ साली, पुरावा समिती जन्मायच्या आधी. आधार एकच. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी निघालेला काउंटीचा एक जाडजूड सचित्र इतिहास. त्या काळी एक माणूस घोडागाडीतून दारोदार फिरे, आणि जो ग्रंथाची प्रत घेईल त्याचं चरित्र त्यात छापी. अशा ग्रंथात वाईट माणूस सापडायची सोयच नव्हती. त्यात लिहिलं होतं की जेबेझ पडिफूट हे लिंकनशरच्या एका जुन्या सरदार घराण्यातले धाकटे पुत्र, १८४९ साली नोकरचाकरांसह या काउंटीत आले आणि त्यांनी इथली पहिली पिठाची गिरणी उभारली. मार्डेलच्या दिवाणखान्यात त्यांची चांदीच्या मुठीची काठी टांगलेली होती. तिच्या नवऱ्यानं, मर्लनं, ती एकदा घासायला घेतली तेव्हा मुठीच्या खाली शिकागोच्या कारखान्याचा छाप निघाला होता. तिनं काठी उलटी टांगली.

बडा घर पोकळ वासा, हे बाहेरच्यानं म्हणावं लागतं. इथे वासा मार्डेलनं स्वतःच वाजवून पाहिला. काउंटीला एकशे पंचाहत्तर वर्षं होत होती, आणि कोर्टाच्या आवारात आद्य घराण्यांची नावं कोरलेली ग्रॅनाइटची शिळा उभी राहायची होती. जानेवारीच्या सभेत मार्डेल उठली आणि तिनं ठराव मांडला की कागदावरचं खोडता येतं, दगडावरचं नाही. तेव्हा कोरण्याआधी सगळ्या जुन्या फायली नव्या नियमानं तपासाव्यात. दोन घराणी तिच्या मनात कधीची खुपत होती, त्यांना बाहेर काढायचा हा मुहूर्त होता. ठराव मंजूर झाला. मग मागच्या रांगेतून आर्डिथनं हात वर केला. "सुरुवात मार्डेलपासूनच करा ना," ती म्हणाली. "म्हणजे चांगली फाईल कशी असते ते आम्हाला कळेल." सूचना इतकी गोड होती की विरोधात मत द्यायला जागाच नव्हती. एप्रिलच्या सभेत मार्डेलनं आपला पुरावा ठेवायचा, दुसऱ्या दिवशी यादी पाथरवटाकडे, असं ठरलं.

मार्डेलला काळजी नव्हती. सरदाराच्या मुलाचे कागद काय, ढिगानं असणार.

पहिला कागद आला लिंकनशरच्या चर्चमधल्या नोंदवहीचा. जेबेझ, वडील विल्यम पडिफूट, धंदा शेतमजूर. दुसरा लग्नाचा. वधू केझाया, धंदा मोलकरीण. सहीच्या जागी वराची फुली, वधूची फुली, साक्षीदाराचीही फुली. सगळं वऱ्हाड अंगठाबहाद्दर. सरदारांच्या धाकट्या पुत्रांना लिहायला शिकवत नसतील, असं मार्डेल दोन दिवस स्वतःला समजावत होती. तिसरा कागद जहाजाच्या यादीचा. ३ सप्टेंबर १८५० रोजी न्यू ऑर्लिन्सला उतरलेली माणसं: जेबेझ पडिफूट, एकोणतीस, मजूर, बायको, चार मुलं. नोकरचाकर म्हणजे बहुधा ती मुलं.

म्हणजे १८४९ गेलं. गिरणीही गेली, ती दुसऱ्याच कुणाची होती आणि जेबेझ तिथे पोती उचलायला होता. जमीन घेतली १८५३ ला. आता तिला हवा होता सप्टेंबर ते डिसेंबर १८५० मधला, या काउंटीतला एक कागद. ओबेद हॉकडे ज्या हवेत तरंगत होता, तिथेच जेबेझ पडिफूट तरंगायला लागला होता.

मर्ल स्वयंपाकघरात बसून हे सगळं ऐकायचा. त्याचे लुंडीन १८८१ ला आले होते आणि त्याबद्दल कुणाला काही वाटत नव्हतं. "अगं, नाही मिळालं पदक तर काय होईल?" त्यानं एकदा विचारलं. "माझ्याकडे नाही, मला भूक लागते, झोप लागते."

"तू वेगळा," मार्डेल म्हणाली. तिचा आवाज एवढा बारीक झाला की मर्लनं पेपर खाली ठेवला. तिनं बावीस वर्षांत एक्केचाळीस घराणी परत पाठवली होती. मीही त्यांच्यातलीच निघाले तर त्या सगळ्यांच्या दारावरून मला रोज गाडी न्यावी लागेल, असं तिच्या मनात आलं, आणि ती खरंच घाबरली.

मार्चच्या शेवटी ती कोर्टाच्या तळघरात गेली. तिथलं दप्तर येसेनिया तुयुक या बाईच्या ताब्यात होतं. पंचेचाळिशीची, बुटकी, चष्मा साखळीला बांधलेला. ती लहान असताना तिचे आईवडील ग्वाटेमालातून इथल्या मांसाच्या कारखान्यात कामाला आले होते. मार्डेलनं तिच्याशी याआधी फक्त बोट दाखवून व्यवहार केला होता. त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी मार्डेलनं गावच्या पेपरात एक पत्र लिहिलं होतं, की आमच्या वाडवडिलांनी घाम गाळून वसवलेल्या या काउंटीत आता कुठून कुठून लोक येतात आणि सहा आठवडे होत नाहीत तोच तुरुंगात दिसतात. पत्राला मथळा होता 'आम्ही असे आलो नव्हतो'. गावानं ते वाचलं होतं. येसेनियाही गावातच राहत होती.

"पडिफूट, १८५०," येसेनिया म्हणाली. "जमिनीत नाही, लग्नात नाही, मृत्युपत्रात नाही. तुम्ही तीन वेळा बघून गेलात. फौजदारी बघितलंत?"

फौजदारी कशाला बघायची, असं मार्डेल म्हणाली. तिच्या आवाजात लिंकनशर होतं.

"बघत नाही कुणी. पेटी मी मागच्या महिन्यात उघडली, त्याआधी ती बॉयलरच्या मागे होती." येसेनियानं एक चामडी वही आणून टेबलावर उघडली, पान अकरा, आणि ती बाजूला उभी राहिली. "घ्या. तुमचेच."

पान मोठं होतं आणि कारकुनाचं अक्षर दुर्दैवानं फार सुंदर होतं. सरकार विरुद्ध जेबेझ पडिफूट. गुन्हा: १२ नोव्हेंबर १८५० रोजी फिर्यादी ओबेद हॉकडे याचं एक डुक्कर चोरून मारणे. फिर्यादीनं शपथेवर सांगितलं की तो याच वर्षी ऑगस्टात बायकोसह आणि अकरा डुकरांसह या काउंटीत राहायला आला, आणि आता डुकरं दहा आहेत. आरोपीनं सांगितलं की तो २ ऑक्टोबरला आला, काम मिळालं नाही, आणि डुक्कर त्याला बेवारशी वाटलं. अंमलदारानं सांगितलं की अर्धं डुक्कर पिंपात मीठ लावून ठेवलेलं सापडलं, आणि आरोपीच्या मुलांच्या तोंडाला चरबी लागलेली होती. खाली जेबेझची फुली. जरा वाकडी.

मार्डेलनं आधी तारीख वाचली आणि तिला देवाचे आभार मानावेसे वाटले. मग तिनं बाकीचं वाचलं. कागद त्या काळचा होता, पुरा होता, आणि खोटं बोलण्यात कारकुनाचा काहीच फायदा नव्हता. तिनं स्वतः लिहिलेल्या नियमाला इतका उतरलेला कागद तिनं आजवर पाहिला नव्हता.

"दोन ऑक्टोबर ते बारा नोव्हेंबर," येसेनिया शांतपणे म्हणाली. "एक्केचाळीस दिवस. सहा आठवडेसुद्धा नाहीत, बाई."

मार्डेलनं पुढची चार ओळींची शिक्षा वाचली. तीस दिवस कैद. पण काउंटीत अजून तुरुंग बांधलेला नव्हता, म्हणून न्यायाधीशांनी हुकूम केला की कैद्याला फिर्यादीच्याच मक्याच्या कोठीत कुलूप लावून ठेवावं आणि जेवण फिर्यादीच्या घरून द्यावं. त्याखाली, वेगळ्या दिवशीच्या तारखेनं, कारकुनानं आणखी एक ओळ लिहिली होती: थंडी फार पडल्यानं आणि फिर्यादीच्या बायकोनं मागितल्यावरून, कैद्याची बायको व चार मुलंही त्याच कोठीत ठेवली आहेत, वसंतापर्यंत राहतील.

पडिफुटांचा या काउंटीतला पहिला पत्ता हॉकड्यांची मक्याची कोठी होता.

"हॉकडेबाईही येऊन गेल्या होत्या इथे, बऱ्याच वेळा," येसेनिया म्हणाली. "तेव्हा ही पेटी उघडली नव्हती. त्यांना फोन करू का? त्यांचंही काम होईल."

मार्डेल म्हणाली, फोनची गरज नाही, आमची गाठ पडतेच. येसेनियानं नक्कल काढून दिली.

घरी येईपर्यंत मार्डेलला सगळा पेच कळला होता. इकडे आड, तिकडे विहीर. कागद दाखवला तर पदक राहतं, पण सरदाराचा पुत्र डुक्करचोर होतो. शिवाय त्याच कागदानं ओबेद हॉकडे ऑगस्ट १८५० मध्ये अकरा डुकरांसह उभा राहतो, आणि बावीस वर्षं दाराबाहेर ठेवलेली आर्डिथ आत येते. तीही सावाच्या खुर्चीवर. कागद लपवला तर दोघी बाहेर. तिनं बराच वेळ या दुसऱ्या गोष्टीचा विचार केला, आणि तो तिला अगदीच वाईट वाटला नाही, हे इथे सांगितलं पाहिजे.

मग तिला तिसरी वाट सुचली. तिनं कागदाच्या तीन पट्ट्या कापल्या, जिथे जिथे हॉकडे हे नाव होतं तिथे ठेवल्या, शिक्षेच्या ओळी एका मोठ्या पट्टीखाली घातल्या, आणि घरच्या यंत्रावर नकलेची नक्कल काढली. दुसऱ्या कुणी असा कागद आणला असता तर तिनं त्याला तळघराच्या जिन्यावरून वर पोचवलं असतं.

मर्लनं तो हातात घेऊन वाचला. "यात भोकं आहेत," तो म्हणाला.

"जुना आहे."

"चौकोनी भोकं?" मर्लनं मूळ नक्कल टेबलावरून उचलली आणि चष्मा कपाळावर चढवून तीही सावकाश वाचून काढली. शेवटच्या ओळीशी तो थांबला. "अगं, घरोघरी मातीच्याच चुली. आमचा कार्ल लुंडीन दारू पिऊन दोनदा एकाच विहिरीत पडला. पण ही बाई बघ. हिचं डुक्कर खाल्लं, आणि हिनं पोरांना आत घेतलं. हिचं नाव काय?"

नाव लिहिलेलं नाही, असं मार्डेल म्हणाली. फिर्यादीची बायको, एवढंच.

एप्रिलच्या सभेला सदतीस माणसं आली. जेवण्यासारखं काही घडणार असलं की गावाला वास येतो. लांब टेबलावर बटाट्याचा भाजलेला कसरोल, तीन प्रकारची जेली, फळांची गोड पाय-पेस्ट्री, आणि टोकाला आर्डिथचं मोठं विजेचं भांडं, हॅम बॉल आत खदखदत असलेलं. मार्डेल पुढे जाऊन उभी राहिली. आमच्या घराण्याच्या मुद्रित चरित्रात काही तपशील जरा पुढेमागे झाले आहेत, असं तिनं सांगितलं, पण १८५० चा सरकारी कागद मिळाला आहे. तिनं भोकांची नक्कल वेंडेलच्या हातात दिली आणि ती पटकन खाली बसली.

वेंडेलनं मोठ्यानं वाचायला घेतलं. सरकार विरुद्ध जेबेझ पडिफूट. सभेत खुर्च्या करकरल्या. डुक्कर चोरून मारणे, इथवर आल्यावर पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं कानातलं यंत्र नीट बसवलं. मग वेंडेल अडखळला. आयुष्यभर डुकरांवर औषधोपचार केलेला माणूस तो. कायद्यापेक्षा त्याला जनावराची काळजी.

"डुक्कर कुणाचं ते दिसत नाही," तो म्हणाला. "इथे पांढरं आहे. मार्डेल, डुक्कर कुणाचं होतं?"

मार्डेलनं भिंतीकडे पाहिलं. कागद पुरा हवा, हा नियम भिंतीवर फ्रेम करून लावलेला होता, तिच्याच सहीचा, वेंडेलच्या डोक्याच्या बरोबर वर. अपुरा आहे म्हणून आजच्या आज तो कागद परत पाठवता आला असता. कुणी काही म्हटलं नसतं. ती घरी गेली असती, मूळ नक्कल चुलीत घातली असती, आणि आर्डिथ हॅम बॉलचं भांडं घेऊन मागच्या रांगेत मरेपर्यंत बसली असती. तिच्या डोळ्यांपुढे ती मक्याची कोठी आली. फळ्यांच्या फटींतून वारा शिरत असेल. चार मुलं होती. त्यातलं तिसरं, पाच वर्षांचं, म्हणजे तिचे पणजोबा.

"हॉकड्यांचं," ती म्हणाली.

पिशवीतून तिनं मूळ नक्कल काढली आणि वेंडेलला दिली. त्यानं ती पहिल्यापासून वाचली, ऑगस्ट, अकरा डुकरं, चरबी, कोठी, आणि ती शेवटची ओळ. वसंतापर्यंत राहतील. सगळे मागे वळून आर्डिथकडे बघायला लागले. आर्डिथ डाव हातात धरून भांड्यापाशी उभी होती. ती हसेल अशी मार्डेलनं तयारी ठेवली होती. ती हसली नाही.

"म्हणजे बावीस वर्षं तू मला पुरावा मागत होतीस," ती म्हणाली, "आणि पुरावा तुझ्या घराण्यानं खाल्ला होता."

यावर मात्र सभा हसली, वेंडेलसकट, आणि थांबायला वेळ लागला. मार्डेलचे कान लाल झाले. तिनं आर्डिथला सांगितलं की नव्यानं अर्ज भर, आजच्या आज मंजूर करते.

"चौथ्यांदा? मी नाही भरणार. तू भर. मी सांगते, तू लिही."

म्हणून सदतीस माणसांदेखत मार्डेल लुंडीन आर्डिथचा अर्ज भरायला बसली. अर्ज तिनंच तयार केलेला होता, बारीक रकान्यांचा. आर्डिथनं तिच्यापुढे एक ताटली ठेवली, तीत दोन हॅम बॉल. या खेपेला मार्डेलनं नाही म्हटलं नाही. तिनं एक हातानंच उचलून खाल्ला, मग दुसराही. फार गोड नव्हते. पुरावा कशाचा, या रकान्यात तिनं आर्डिथच्या तोंडून आलेलं जसंच्या तसं लिहिलं: जेबेझ पडिफूटनं केलेली चोरी. मग आला मूळ पूर्वजाचं नाव हा रकाना. तिनं ओबेद असं लिहायला पेन टेकवलं.

"ओबेद नको," आर्डिथ म्हणाली. "त्यानं कोर्टात जाण्यापलीकडे काय केलं? दगडावर तिचं नाव घाल. कोठी उघडली तिचं."

"तिचं नाव कागदात नाही."

"आमच्या बायबलात आहे."

१८६८ ची छपाई, एक टाक, एक बैठक, आठवणीवर लिहिलेलं. हे सगळ्यांना पाठ होतं, कारण मार्डेलनं ते त्या वर्षी वार्षिक अहवालात उदाहरण म्हणून छापलं होतं. नियम तिचा होता, आणि तो चांगला नियम होता; अजूनही तिला तसंच वाटत होतं.

"काय नाव?" तिनं विचारलं.

"टेम्परन्स," आर्डिथ म्हणाली. "टेम्परन्स हॉकडे. बायबल आणू का पुन्हा? गाडीत आहे."

नको, असं मार्डेल म्हणाली, आणि तिनं नाव लिहिलं, सावकाश, कोरल्यासारखं. मग हिरवा शिक्का काढला. तो कोरडा होता. तिनं त्याच्यावर दोनदा तोंडाची वाफ सोडली आणि सगळा भार देऊन तो कागदावर दाबला. शिक्का फिकट उठला. त्याच्या शेजारी मात्र तिच्या अंगठ्याचा ठसा उठला, चरबीचा, अगदी ठळक. हातमोजे पिशवीतच राहिले होते. आर्डिथनं पुसायला कागदी रुमाल पुढे केला. मार्डेलनं तो घेतला, त्याला तोंड पुसलं, आणि अर्ज तसाच वेंडेलकडे दिला.